सर्व्हर कोणाची वाट पाहतो? लिनक्सच्या आरंभाचा एक छोटा इतिहास

१/ ऑक्टोबर २०११ मध्ये उबुंटू ११.१० आले. सर्व्हर सुरू होताना पडद्यावर 'नेटवर्कच्या जुळणीची प्रतीक्षा' अशा अर्थाची ओळ झळकू लागली आणि यंत्र मिनिट-दोन मिनिटे थबकू लागले. असे का व्हावे?

२/ युनिक्सच्या 'सिस्टम ५' परंपरेत आरंभाच्या स्क्रिप्ट क्रमांकानुसार एकामागून एक चालत. पद्धत संथ होती, पण क्रम ठरलेला होता.

३/ २००६ मध्ये उबुंटू ६.१० सोबत 'अपस्टार्ट' आले. घटना घडतील तशा सेवा सुरू होऊ लागल्या. क्रम सैल झाला आणि नवा प्रश्न उभा राहिला : नेटवर्क 'तयार' झाले, असे केव्हा मानायचे?

४/ ११.१० चे उत्तर असे : 'इंटरफेसेस' फाइलमध्ये 'ऑटो' म्हणून नोंदवलेला प्रत्येक इंटरफेस सुरू होईपर्यंत थांबावे, सुमारे दोन मिनिटांनंतर मात्र त्याच्याविना पुढे जावे. काढून टाकलेल्या नेटवर्क कार्डाची नोंद फाइलमध्ये उरली, की सर्व्हर न येणाऱ्या पाहुण्यासाठी दार उघडे ठेवून बसे.

५/ काहींनी ही प्रतीक्षाच छाटली. त्यात धोका होता : इंटरफेस खरोखरच उशिरा सुरू होणारा असेल, तर त्यावर विसंबलेल्या सेवा नेटवर्काआधीच सुरू होऊन कोसळू शकत. खरा उपाय शिळी नोंद काढण्याचा होता.

६/ २०१५ मध्ये उबुंटू १५.०४ ने 'सिस्टमडी' स्वीकारले. त्याच्या 'नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' सेवेचीही मूळ मर्यादा १२० सेकंदांचीच आहे. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' ही आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते दाखवते. प्रतीक्षा कोणत्या इंटरफेसची, हे शोधताना जुळणीची फाइल आजही उपयोगी पडते.