फाटलेल्या आवाजाचं घराणं

खान्देशात लग्नाची तिथी निघाली की आचाऱ्याच्या आधी बँडवाल्याला सुपारी जाते. पण वरात दारात पोचली की बँडवाला कोण, कुठला, कुणाच्या हाताखाली शिकला, हे कुणी विचारत नाही. मी पारोळ्याकडचा. आमचे आबा बँडमास्तर होते. त्यांच्या पाठीमागे उभं राहून मी क्लॅरोनेट शिकलो आणि पुढे कॅसिओवर बसलो. म्हणून हे मला लिहायचं आहे.

आधी हत्यारांचं सांगतो, कारण इतिहास तिथेच दडलेला आहे. आबांचं क्लॅरोनेट मूळचं जर्मनीचं. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर नावाच्या कारागिराने हे वाद्य पहिल्यांदा घडवलं. ट्रम्पेटवरच्या कळांची कल्पनाही तिकडचीच. श्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ साली प्रशियात तिचं पेटंट घेतलं. कळा नसताना पितळी तुतारीतून मोजकेच सूर निघायचे, बिगुलासारखे. कळा आल्या आणि पितळेवर सगळी सरगम वाजू लागली. त्या नसत्या तर नौशाद किंवा शंकर-जयकिशन यांची गाणी ट्रम्पेटवर कधीच निघाली नसती. रात्रीच्या वरातीत डोक्यावर धरायची ती पेट्रोमॅक्स बत्तीसुद्धा बर्लिनच्या माक्स ग्रेट्झची, १९१० ची.

हे सगळं आमच्यापर्यंत आलं ते इंग्रजांच्या पलटणींमधून. पलटणीत बँड वाजवणारे नादिर अली यांनी १८८५ साली मेरठला कंपनी काढली, आणि पुढे देशभरातल्या लग्नबँडांचं पितळ मेरठच्या जली कोठीतून येऊ लागलं. आबांच्या ट्रंकेतली पावतीही मेरठचीच होती. वाजवणारे मात्र इथलेच. संबळ, सनई आणि डफ पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात होते, त्यांनीच ही परदेशी वाद्यं उचलली. कानबाईच्या उत्सवात वहीगायनाचे डफ घुमतात, साक्रीच्या पश्चिमेला डोंगऱ्यादेवाला पावरी वाजते. तो ठेका या लोकांच्या अंगातच होता.

आबा क्लॅरोनेटवर मींड कशी घ्यायचे ते मी जवळून पाहिलं आहे. रीड आधी तोंडात धरून ओलं करायचं. मग वरच्या सुरावर जाताना बोट भोकावरून एकदम उचलायचं नाही. पेराने भोक हळूहळू उघडत न्यायचं आणि त्याच वेळी ओठांची पकड सैल करायची. सूर घसरत चढतो, थेट सनईसारखा. हे कुठल्याही पलटणीने शिकवलेलं नव्हतं. नोटेशनचा कागद आमच्या घरात कधी आलाच नाही. टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर उभं राहून ऐकलेलं गाणं आबा घरी येऊन बसवायचे.

ऐंशीच्या दशकात गाणीच बदलली. बप्पी लाहिरींच्या डिस्को गाण्यांतले सिंथेसायझरचे आवाज पितळेवर काही केल्या निघेनात, आणि गिऱ्हाईक तीच गाणी मागायचं. मग कॅसिओ आला. रोलँड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेला ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचं तालवाद्य, आमच्याकडे जरा उशिरा पोचला, पण पोचला. या दोघांना वीज लागते, आणि वरात तर चालती. म्हणून हातगाडी आली, गाडीवर आहुजाचा अँप्लिफायर, वर चारी दिशांना तोंडं केलेले कर्णे, मागे दोरीने बांधलेला जनरेटर. पूर्वी पंधरा-वीस माणसं फुंकायची, आता गाडीवरचे चार-पाच जण सगळं वाजवू लागले. पितळवाले गणवेश घालून बाजूने चालत राहिले. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

पण त्या गाडीने खान्देशाला स्वतःचा एक आवाज दिला, हेही तितकंच खरं. नाचणारी पोरं ओरडायची, ‘मास्तर, जोरमा वाजाडा!’ मी बटण पूर्ण फिरवायचो. अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर गेला की सुराच्या लाटेची शिखरं सपाट कापली जातात. त्यात दिव्यांचा भार पडून जनरेटरचा दाब खाली-वर व्हायचा. कर्ण्याला खर्ज पेलत नाही, तो चिरकतो. आम्ही त्याला ‘आवाज फाटला’ म्हणायचो. फाटलेल्या आवाजात एकच चाल अर्धा-अर्धा तास चालायची, कारण नाचणारा थांबत नसे. गल्लीच्या तोंडाशी लागलेलं गाणं मारुतीच्या पारापर्यंत संपत नसे.

असाच फाटलेला आवाज पुढे मला परदेशातून ऐकायला मिळाला. माझा पुतण्या म्युनिकला नोकरीला आहे. त्याने मला तिथल्या ‘कलर हेझ’ या बँडचं संगीत ऐकवलं. १९९४ साली सुरू झालेला, बराच काळ तिघांचाच असलेला हा बँड. गिटार आणि गाणं श्टेफान कोग्लेकचं. या प्रकाराला स्टोनर रॉक म्हणतात. त्याची मुळं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहेत. पाम डेझर्टची ‘क्यूस’ ही मंडळी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावाबाहेर जनरेटर लावून वाजवायची. गिटारची तार खाली उतरवायची, ती बास गिटारच्या अँप्लिफायरमधून काढायची आणि आवाज मुद्दाम फाडायचा. ‘कलर हेझ’च्या २००४ च्या अल्बममध्ये वीस मिनिटांहून मोठी चाल आहे. ती ऐकताना मी मांडीवर ठेका धरला. उघड्यावर जनरेटर, फाटलेला सूर, न संपणारी चाल: हे तर आमचंच!

फरक एवढाच की त्या लोकांनी आपली दखल स्वतः घेतली. कोग्लेकने ‘एलेक्ट्रोहाश’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कुठल्या साली काय वाजवलं, कुणी वाजवलं, सगळं तबकडीवर आहे. आमच्या मास्तरांची एक तबकडी नाही.

अहिराणी गाण्यांना आता चांगले दिवस आलेत. ‘केसावर फुगे’ घराघरात गेलं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं मराठी गाणं ‘गुलाबी साडी’ २०२४ साली देशभर वाजलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ही गाणी वरातीत आता डीजेवर लागतात. आवाजाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहाची मर्यादा आली. ती योग्यच आहे, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना झोप हवी. बँडवाल्यांना खरा तडाखा बसला तो २०२० च्या लॉकडाऊनचा. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची, सगळी लगीनसराई बुडाली. कित्येकांनी युफोनियम आणि ट्रम्पेट मोडीत, पितळेच्या भावाने विकले.

म्हणून वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या घरात ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्नाची व्हिडिओ शूटिंग झाली, त्यांनी त्या कॅसेटी भंगारात घालू नयेत. कॅसेटीवर बुरशी चढायच्या आत त्यांची कॉपी करून घ्या. वरातीच्या भागात मोठ्या ढोलाच्या तोंडावर बँडचं नाव आणि गाव रंगवलेलं दिसेल. ते लिहून ठेवा, आणि तो मास्तर हयात असेल तर त्याला जाऊन भेटा.