धुरातून आलेली सोनेरी झळाळी

लोणच्याची चिनी मातीची बरणी आपल्या परिचयाची असते. तिचा गुळगुळीतपणा म्हणजे भाजलेल्या मातीवरचा काचेचा पातळ थर, अर्थात झिलई. या झिलईवर सोन्याचा कणही न वापरता सोनेरी झळाळी आणण्याची किमया इराकमधील कुंभारांना नवव्या शतकात साधली होती.

त्या काळी चीनहून समुद्रमार्गे येणाऱ्या शुभ्र भांड्यांना अब्बासी खलिफांच्या राज्यात मोठी मागणी होती. इराकमध्ये तशी पांढरी माती नव्हती. म्हणून बसऱ्याच्या कुंभारांनी आपल्या पिवळसर भांड्यांवर कथिलाचे ऑक्साइड घातलेली अपारदर्शक पांढरी झिलई चढवली. पण केवळ नक्कल करून ते थांबले नाहीत. इजिप्त व सीरियातील कारागीर काचेवर चांदी-तांब्याची संयुगे रंगवून भाजत असत. तीच युक्ती त्यांनी झिलईवर वापरली. झिलई म्हणजे तरी काचच की!

भाजून तयार झालेल्या भांड्यावर चांदी व तांब्याची संयुगे, गेरूसारखी माती आणि व्हिनेगर यांच्या लेपाने नक्षी काढायची. मग ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवायचे आणि भट्टीतली हवा कमी करून धूर कोंडायचा. लेपातील धातूंचे आयन झिलईत शिरतात आणि तेथील सोडियम व पोटॅशियम आयनांची जागा घेतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे त्यांचे क्षपण होते आणि धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. मातीची खपली घासून काढली की त्यांच्यावरून परतणारा प्रकाश सोनेरी किंवा तांबूस दिसतो.

इराणमधील काशानचे कारागीर ओल्या लेपावर टोकदार काडीने बारीक वेलबुट्टी कोरत. तेथील कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली ही कृती लिहून ठेवली. मंद धुराची आच ७२ तास द्यावी, असे त्याने नोंदवले आहे. इटलीच्या पिकोलपासोने सोळाव्या शतकात लिहिले, की शंभर भांड्यांतली जेमतेम सहा चांगली निघतात.

एवढे नुकसान का होत असे? हवा थोडी जास्त झाली तर क्षपण अपुरे राहते. उष्णता वाढली तर मातीचा लेपच झिलईला चिकटून बसतो. कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. शिवाय ती थोड्या घराण्यांपुरतीच राहिली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम डी मॉर्गन यांना ती प्रयोग करून नव्याने शोधावी लागली.

काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडून लालसर तांबे परत मिळवण्याचा प्रयोग आपण वर्गात शिकवतो. त्या वेळी या कुंभारांची गोष्ट जरूर सांगावी. हातांना उमगलेले ज्ञान लिहिले गेले आणि त्याचे कारणही कळले, तरच ते पुढच्या पिढीच्या हाती खात्रीने पोचते.