डेक्कन जिमखाना ते अँटवर्प : एका पथकाची पूर्वपीठिका

अनेक देशांचे खेळाडू एकाच ठिकाणी अनेक क्रीडाप्रकारांत उतरतात अशा स्पर्धांमध्ये भारताचे पहिले संघटित पथक १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले, आणि त्याची जुळवाजुळव कोणत्याही सरकारी खात्याने नव्हे, तर १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने केली. १९१९ साली जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहताना संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या लक्षात आले की, शेतकरी कुटुंबांतील तरुण कसलेही शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना अनवाणी धावत असूनही त्यांची कामगिरी युरोपीय धावपटूंच्या आसपास पोहोचत आहे. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या मध्यस्थीने भारताला स्वतंत्र प्रवेश मिळवण्यात आला.

उत्साह भरपूर होता, माहिती मात्र तोकडी होती. शंभर मीटरच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल, या प्रश्नावर जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने एक-दोन मिनिटे असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. तिथे हिशेब सेकंदांचा आणि त्यांच्याही अंशांचा असतो हे कळल्यावर ते चकित झाले. या अज्ञानाला हसणे सोपे आहे, पण घड्याळ लावून धावण्याची परंपराच जिथे नव्हती तिथे याहून वेगळे उत्तर येणे कठीण होते.

निवडलेल्या सहा जणांत चार धावपटू आणि दोन मल्ल होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी सोडले तर बहुतेक मंडळी जिमखान्याच्या परिसरातील मुलखातूनच आली होती : बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि कुस्तीसाठी रणधीर शिंदे व कुमार नवले. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून १९वा क्रमांक मिळवला. शिंदे यांचे यश याहून मोठे मानावे लागेल. फ्रीस्टाइल, म्हणजे कमरेखालीही पकड करण्याची मुभा असलेल्या कुस्तीत ते चौथे आले आणि कांस्यपदक एका लढतीने हुकले. लाल मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करण्याच्या हिशेबाने घडलेल्या मल्लाने गादीवर, परक्या नियमांनिशी तिथवर मजल मारावी, ही घटना पुढे १९५२ साली खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकाच्या तेजात काहीशी झाकोळून गेली.

त्याच अँटवर्पमध्ये इटलीच्या नेदो नादी यांनी तलवारबाजीत पाच सुवर्णपदके जिंकली. लिव्होर्नो या बंदरगावात त्यांचे वडील बेप्पे नादी यांनी चालवलेल्या शाळेत ते घडले होते, आणि बापाने मुलाला, वस्तादाने शागिर्दाला शिकवण्याची ही रीत पुण्याच्या पेठांतील तालमींना परकी नव्हती. अंतर होते ते शाळेच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या यंत्रणेचे. इटलीची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती, म्हणजे ‘कोनी’, १९१४ पासून अस्तित्वात होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फुटबॉल सामन्यांच्या निकालांचे अंदाज वर्तवणाऱ्या ‘तोतोकाल्चो’ कुपनांतून तिला पैशाचा अखंड झरा मिळाला. १९६० साली रोमला इटलीने १३ सुवर्णपदकांसह ३६ पदके पटकावली, ती यजमानपदाच्या भाग्यापेक्षा या तिजोरीचे फळ अधिक होती. पुण्याच्या पथकामागे मात्र एका उद्योगपतीचे औदार्य आणि लोकवर्गणी एवढेच होते, आणि असा आधार पुढच्या पिढीला वारसा म्हणून मिळत नाही. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली तेव्हा दोराबजीच तिचे पहिले अध्यक्ष झाले, परंतु प्रशिक्षण आणि निवड यांची सूत्रे तोवर वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण तज्ज्ञांकडे सरकली होती आणि पुढाकार पुण्याकडे राहिला नव्हता.

नंतरच्या काळात पुण्याचा संबंध टिकला तो प्रामुख्याने लष्करामुळे. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, तर २००१ साली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली, जिथे खेळाडूला गणवेश, पगार आणि प्रशिक्षक एकाच छताखाली मिळतात. इटलीतही असेच चालते : तिथले अनेक पदकविजेते पोलीस, काराबिनिएरी (लष्करी पोलीस) किंवा वित्तरक्षक दलाच्या क्रीडापथकांत नोकरीला असतात, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणारे मार्सेल जेकब्स हेही पोलीस दलाच्या ‘फियाम्मे ओरो’ पथकाचे होते. त्याच टोकियोत भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवणारे नीरज चोप्रा तेव्हा लष्करात सुभेदार होते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या या संस्थेतील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले.