द फास्ट अँड द फ्युरियस (१९५४ चित्रपट)

'''द फास्ट अँड द फ्युरियस''' हा इ.स. १९५४ चा मोटार शर्यतीवर आधारित अमेरिकन कृष्णधवल नाट्यपट आहे. रॉजर कॉर्मन हे त्याचे निर्माते व मूळ कथेचे लेखक होते. दिग्दर्शन जॉन आयर्लंड आणि एडवर्ड्स सॅम्पसन यांनी केले. चित्रपटाची लांबी ७३ मिनिटे आहे.

== कथानक ==
खुनाच्या खोट्या आरोपाखाली अटक झालेला ट्रकचालक फ्रँक वेबस्टर तुरुंगातून पळतो. रस्त्याकडेच्या एका उपाहारगृहात ओळखला जाण्याची वेळ येताच तो कॉनी अडेअर या तरुणीला तिच्या जॅग्वार मोटारीसह पळवून नेतो. मेक्सिकोच्या हद्दीत शिरणाऱ्या एका शर्यतीत स्पर्धक म्हणून मिसळल्यास पोलिसांना चकवता येईल, असा त्याचा बेत असतो. प्रवासात दोघांमध्ये जवळीक निर्माण होते. पळून न जाता खटल्याला सामोरे जावे, असे कॉनीला वाटते. शर्यतीत प्रतिस्पर्धी फेबरच्या गाडीला अपघात होतो, तेव्हा सुटकेचा मार्ग मोकळा असूनही फ्रँक त्याला वाचवण्यासाठी थांबतो व कायद्याच्या स्वाधीन होण्याचा निर्णय घेतो.

== कलाकार ==
* जॉन आयर्लंड – फ्रँक वेबस्टर
* डोरोथी मलोन – कॉनी अडेअर
* ब्रूस कार्लाइल – फेबर
* आयरिस एड्रियन – विल्मा बेल्डिंग

== निर्मिती ==
सुमारे ५०,००० डॉलर खर्चाच्या या चित्रपटाचे चित्रीकरण साधारण दहा दिवसांत उरकण्यात आले. दिग्दर्शनाची संधी मिळावी, या अटीवर आयर्लंड यांनी भूमिका स्वीकारली. छायाचित्रण ''टाबू'' (१९३१) साठी ऑस्कर मिळवलेले फ्लॉइड क्रॉस्बी यांनी केले. काही शर्यतदृश्यांत कॉर्मन यांनी स्वतः गाडी चालवली.

== वितरण ==
स्वतंत्र निर्मात्याचे पैसे चित्रपट प्रदर्शित होऊन उत्पन्न येईपर्यंत अडकून पडत आणि तोवर पुढचा चित्रपट सुरू करता येत नसे. म्हणून कॉर्मन यांनी मोठ्या वितरकांऐवजी जेम्स निकोल्सन यांच्या नव्या अमेरिकन रिलीझिंग कॉर्पोरेशनची निवड केली. आगामी चित्रपटांसाठी आगाऊ रक्कम मिळावी, ही त्यांची अट होती. या करारामुळे कॉर्मन यांना सलग चित्रपटनिर्मिती करता आली, तर कंपनीला आपला पहिला चित्रपट मिळाला. हीच कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने प्रसिद्ध झाली.

== वारसा ==
मलोन यांना पुढे ''रिटन ऑन द विंड'' (१९५६) साठी सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. हा चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक अधिक्षेत्रात गणला जातो, त्यामुळे तो सहज उपलब्ध आहे. इ.स. २००१ मधील याच नावाच्या चित्रपटासाठी शीर्षक वापरण्याचे हक्क कॉर्मन यांच्याकडून घेण्यात आले. त्या चित्रपटाची कथा मात्र सर्वस्वी वेगळी असून तो या चित्रपटाचा पुनर्निर्माण नाही.