दीड कोकराचा हिशेब

माणसाने बी.कॉम. व्हावं, बँकेत चिकटावं आणि चार वर्षं बावड्याच्या शाखेत काढावीत. मग जगातला कुठलाही प्राणी त्याला आधी कर्जाच्या अर्जात भेटतो आणि नंतर गोठ्यात. माझी आणि म्हशीची ओळख अशीच झाली. सशाची होता होता राहिली.

त्याचं असं झालं. एक तरुण एके दिवशी सशांसाठी कर्ज मागायला आला. त्याने हिशेब करूनच आणला होता. ससीण एकतीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं देते, पिल्लंही चार-सहा महिन्यांत कामाला लागतात. त्याच्या कागदाच्या तळाशी पोहोचेपर्यंत इंदापूर तालुक्यात माणसाला उभं राहायला जागा उरली नव्हती. मग तो संकराकडे वळला. न्यूझीलंड व्हाइट नावाचा ससा न्यूझीलंडचा नसून अमेरिकेत घडवलेला आहे, आणि कॅलिफोर्नियन ससा जॉर्ज वेस्ट नावाच्या गृहस्थाने १९२३ च्या सुमारास तीन जातींची सरमिसळ करून तयार केला, वगैरे. मी भारावलो. मॅनेजरसाहेब भारावले नाहीत. आमच्या फॉर्मात गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी आहे, ससा नाही. "कॉलम नाही म्हणजे ससा नाही," एवढं बोलून ते जेवायला गेले. शिवाय जत्रेला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात ससा वाढला तर ठरलेली सोयरीक टिकेल का, हाही प्रश्न होताच.

बाकावर खांद्यावर घोंगडी टाकून एक धनगरमामा बसले होते. हे सगळं ऐकून ते त्या पोराला म्हणाले, "आरं, फलटणला दोन-दोन कोकरं देणारी मेंढी केलीया म्हणत्यात. ती बसंल की ह्यांच्या कागदात."

आता फलटण म्हणजे काही परदेश नव्हे. नीरा ओलांडून वरच्या अंगाला गेलं की फलटण तालुका लागतो. पण ती मेंढी तिथे कुठून आली हे शोधायला लागलो, आणि नीरेवरून निघालेला मी थेट सिडनीच्या बंदरात जाऊन पोहोचलो.

आधी आपली दख्खनी मेंढी. काळी, काटक, चालायला खंबीर. मिळेल त्या काडीवर जगणारी. बँकेच्या भाषेत ही सरळ व्याजाची ठेव : एका वेताला एक कोकरू, वर ना खाली. जुळी म्हणजे नवल. सरकारी फार्मांवर वर्षानुवर्षं तिची लोकर सुधारायचे प्रयत्न झाले, मेरिनो आणि रॅम्बुये असे परदेशी मेंढे आणून संकर झाले. तिकडे घोंगडीचं गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं आणि मटणाचा भाव चढत होता. धनगराचं पोट लोकरीवरून केव्हाच कोकरावर आलं होतं. आणि कोकरू एकच!

दुसरीकडे, पार बंगालच्या सुंदरबनात, गारोल नावाची मेंढी आहे. जेमतेम दहा-बारा किलोची. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. दिसायला अगदीच किरकोळ, पण जुळी देणं हा तिचा रोजचा व्यवहार, तिळीही देते. या मेंढ्या १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाला गेल्या. इंग्रजांनी तिथे कैद्यांची नवी वसाहत मांडली होती आणि खायचे वांधे होते. तेव्हा ही निर्यात नव्हे, शिधा होता. जॉन मॅकार्थर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांतल्या साठेक बंगाली मेंढ्या घेतल्या आणि आयर्लंडच्या जातीशी त्यांचा संकर केला. कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आलेली पाहून तो खूश झाला, आणि पुढे लोकरीच्या धंद्यात मोठं नाव काढून बसला. १७९७ मध्ये केपहून मेरिनो मेंढ्या आल्या आणि बंगाली मेंढीचं नाव वहीतून गेलं. रक्त मात्र कुठे ना कुठे कळपात राहिलं.

दीडशे वर्षं गेली. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाची मेंढवाडी होती. तिचे मालक सीअर्स बंधू. त्यांच्या मेरिनो मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन कोकरं देत. १९५८ साली त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. १९८० च्या आसपास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ही करामत एकाच जनुकाची आहे. २००१ मध्ये ती जागाही सापडली. सगळा फरक एका अक्षराचा! आमच्याकडे नावातलं एक अक्षर चुकलं तर चेक परत जातो. मेंढीच्या बाबतीत एक अक्षर बदललं तर दोन कोकरं येतात. २००२ मध्ये गारोल मेंढीची तपासणी जाहीर झाली आणि तिच्यात नेमकं तेच अक्षर निघालं. दोनशे वर्षं पडून असलेल्या बेवारस ठेवीचा खातेदार कलकत्त्याचा निघाला.

पण फलटणचे बनबिहारी निंबकर एवढं थांबले नव्हते. हे इरावतीबाई कर्व्यांचे जावई. १९६८ साली त्यांनी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. १९९३ मध्ये याच संस्थेने मटणासाठी नावाजलेल्या बोअर शेळीचे गोठवलेले भ्रूण ऑस्ट्रेलियातून आणले होते. त्याच दशकात त्यांनी सुंदरबनातून गारोल मेंढ्याही फलटणला आणल्या. पुढे १९९८ पासून कन्या डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांचं काम ऑस्ट्रेलियन सरकारच्या मदतीने चाललं. म्हणजे मूळ मुद्दल आपलं, दोनशे वर्षं वापरलं त्यांनी, आणि शेवटी अनुदानही त्यांनीच दिलं. असा कर्जदार आमच्या शाखेला एकदा तरी लाभावा.

काम मात्र किचकट. गारोल मेंढा आणि दख्खनी मेंढी यांची पिल्लं जुळी देतात, पण अंगाने बारकी. बारक्या मेंढीला बाजारात कोण विचारतो? म्हणून जनुक आलेली पिल्लं निवडायची, ती पुन्हा दख्खनीशी लावायची, पुन्हा निवडायची, पुन्हा लावायची. पिढीगणिक गारोलपणा निम्मा होतो. ते एक अक्षर तेवढं टिकवायचं. मटणाला नाव असलेली कर्नाटकातली बन्नूर मेंढीही यात घेतली. पंचाईत अशी की जनुक असलेला मेंढा तोंडावरून ओळखू येत नाही. पूर्वी त्याच्या लेकी विण्याची वाट बघावी लागे. अक्षर सापडल्यावर थेंबभर रक्तावर काम भागू लागलं. ती तपासणी बसवायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हात दिला. तयार झालेल्या मेंढीचं नाव 'नारी सुवर्णा'. ही मेंढी धनगरांच्या कळपांतही गेली.

हे सगळं मी पुढच्या खेपेला मामांना सांगितलं. मामा कर्ज घ्यायला आले होते, अशाच चार मेंढ्यांसाठी. 'अपेक्षित उत्पन्न' या रकान्यात मी लिहिलं, दर मेंढीमागे दीड कोकरू. कारण जनुक असलेली मेंढीही कधी एक देते, कधी दोन. शंभरामागे दीडशेच्या आतबाहेर.

मामा बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिले. "सायेब, अर्धं कोकरू मागलं धरायचं का म्होरलं?"

मी सरासरी समजावून सांगितली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "दोन झाली तर चांगलंच. पर आईच्या कासंत दूध एकाचंच. आमी चालतीवरची माणसं. एक कोकरू घोड्यावर, एक माज्या खांद्यावर. पाऊस झाला तर दोन जगत्यात. न्हाई झाला तर दोन्ही मरतुकडी. तुमच्या त्या अक्षराला पाऊस वाचता येतो का?"

याचं उत्तर बी.कॉम.ला नव्हतं. फलटणच्या लोकांना ते ठाऊक होतं. जुळ्यांना जादा खुराक द्या, आईला पोटभर घाला, असं ते सांगतच होते. खुराक फॉर्मात बसत होता. खांदा बसत नव्हता.

कर्ज मंजूर झालं. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. मामांचा कळप गावच्या शिवारात खतासाठी बसला होता, म्हणून संध्याकाळी बघायला गेलो. वाघरीच्या आत, डालग्याखाली कोकरं ओरडत होती. चारांपैकी दोन मेंढ्यांना जुळी झाली होती. त्यातलं एक गेलं होतं. दुसऱ्या जुळ्यातलं बारकं कोकरू मामींनी कळपातल्या शेळीच्या कासेला लावलं होतं. शेळी त्रासिक चेहऱ्याने उभी होती आणि कोकराची शेपटी सारखी हलत होती.

मामा पुढच्या सोमवारी बँकेत आले. पहिला हप्ता भरला आणि म्हणाले, "सायेब, आता एक दुभती शेळी पायजे."

"कशासाठी लिहू?"

"दुसऱ्या कोकरासाठी."

मी तसंच लिहिलं : 'मेंढीच्या दुसऱ्या कोकरास दूध पाजण्याकरिता शेळी.' मॅनेजरसाहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग फॉर्म उलटून पाहिला.

"शेळीचा कॉलम आहे," ते म्हणाले, आणि सही केली.