मोजा

बाळंतविड्यात कुंची, टोपडे आणि झबले यांच्या पंक्तीला मानाने बसणारा लोकरीचा चिमुकला मोजा मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्याचे नाव थेट फारशीतून आलेले आहे. तेथे त्याचा मूळ अर्थ चामड्याचा उंच बूट असा होता. मराठीत दाखल होताना त्यातले चामडे गळाले, पायाचे मऊ आच्छादन तेवढे उरले, आणि पुढे ‘हातमोजा’ होऊन हातालाही तोच शब्द बहाल झाला. क्रोशाच्या सुईवर तळव्याची साखळी, तिच्याभोवती खांबांचे फेरे आणि घोट्याशी ओवलेली नाडी, एवढ्या सामग्रीत बोटभर लांबीचा जोड सिद्ध होतो. हल्ली दुकानांत तो ‘बूटीज’ या नावाने विकला जातो, म्हणजे अर्थ पुन्हा बुटापाशीच पोहोचला. घरोघरी मात्र ‘मोजे’ हाच शब्द रूढ आहे.