कोस्टल रोडच्या बोगद्यात गाडी पेटली, तर पळायचं कुठे?

कोल्हापूरहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तो आपल्या सवयीचा. मुंबईचा कोस्टल रोडचा बोगदा मात्र शहराच्या पोटातून जातो. गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क, मलबार हिलच्या खालून, सुमारे २ किलोमीटर. 'मावळा' नावाच्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्रानं तो खोदला.

बोगदे दोन का?
जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे आहेत. दक्षिणेकडे जाणारा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, उत्तरेकडचा जूनमध्ये. आत वेगमर्यादा ताशी ६० किमी. दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे.

धूर कुठे जातो?
इथे 'सकार्डो' वायुवीजन यंत्रणा आहे. मोठे पंखे बोगद्यात हवेचा जोरदार झोत सोडतात आणि धूर एकाच दिशेनं, वाहतुकीच्या दिशेनं, ढकलला जातो. जळत्या गाडीच्या पुढची वाहनं बाहेर निघून जातात. मागे अडकलेल्यांना ताजी हवा मिळत राहते.

तुम्ही मागे अडकलात तर?
• गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा.
• यू-टर्न किंवा रिव्हर्स घेऊ नका.
• सामान सोडा. धुराच्या उलट दिशेनं चाला.
• दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या मार्गाची पाटी दिसली की तिथून दुसऱ्या बोगद्यात जा.

आणि रील? गाडी थांबवून तर नकोच. तुमच्या मागच्याला ब्रेक मारायला सेकंदही मिळणार नाही.